ब्याण्णव टाके

ब्याण्णवला सहाने भाग जात नाही. हे मी चौथीत शिकलो, आणि पुढे छत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून काढली, तिथेही ते बदललं नाही. पण माझ्या बायकोच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'टाके सहाच्या पटीत', आणि तिने अर्धवट सोडलेल्या स्वेटरच्या सुईवर होते ब्याण्णव. मी तीनदा मोजले. चष्मा पुसून चौथ्यांदा मोजले. मग वही खाटेवर आपटली आणि तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, उजवा हात मांडीवर, ठेवला तिथेच राहणारा. ती म्हणाली, "चला."

तेवढा एकच शब्द तिच्याकडे उरला होता. श्रावणातल्या एका रविवारी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. पावसाळ्यातला लोणावळ्याचा रविवार म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. धबधबे बघायला आलेल्या गाड्यांनी रस्ता असा तुंबला होता की दवाखान्याच्या पंधरा मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला. आजही छतातून डोकी बाहेर काढून ओरडणारी पोरंपोरी दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं गेलंय हे दिसतंय, समजणं किती उरलंय हे आत्ताच सांगता येणार नाही. घरच्यांनी बघत राहायचं.

मी बघितलं. फिटर बघतो तसं, माप लावून बघितलं. भूक लागली का विचारलं की "चला". पोट भरलं का विचारलं तरी "चला". आज सोमवार आहे का म्हटलं की मान हलायची आणि मंगळवार आहे का म्हटलं तरी तशीच हलायची. डोळे मीट म्हटलं तर माझ्याकडे टक लावून बघत राहायची. तिचीच वही समोर धरली तर डाव्या हाताने दूर लोटायची. चार महिन्यांत माझं मत पक्कं झालं की समोर बसलंय ते शरीर, आतलं माणूस श्रावणातच गेलं.

म्हणून मग ते ठरलं. मुलगी नाशिकला, तिची नोकरी आणि तिचा संसार. माझी कंबर कामातून गेलेली. बायकोला खाटेवरून खुर्चीत घेताना दोनदा आम्ही दोघंही खाली आलो. शिरगावच्या अलीकडे अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे. बेगडेवाडीला लोकलमधून उतरायचं आणि रिक्षा करायची. मी जाऊन बघून आलो. जागा स्वच्छ, माणसं बरी. एक तारखेपासून तिला तिथे ठेवायचं ठरलं. मुलीला मी फोनवर म्हटलं की अगं, तिला आता हे घर काय नि ते घर काय, सारखंच. मुलगी बराच वेळ रडली आणि मग हो म्हणाली. माझ्या मनाला मी एकच अट घातली होती, तिला खरोखर काही कळत नसेल तरच. आणि कळत नाही याची मला खात्री होती.

मग हे स्वेटरचं झेंगट मागे का लावून घेतलं? तर रोज दुपारी तिचा डावा हात खुंटीवरच्या पिशवीकडे जायचा. पिशवीत तिचं विणकाम होतं, राखाडी लोकर, मागचा भाग निम्मा झालेला. जावयासाठी चाललं होतं. मला तिने लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत एक स्वेटर विणला होता. त्यानंतर मी तिच्या लेखी कायमचा उबदार झालो असावा. हात वर जायचा, "चला, चला" सुरू व्हायचं, आणि मी म्हणायचो, सवयीने होतंय, गाडी बंद केली तरी पंखा थोडा वेळ फिरतो तसं.

तिची अंघोळ-वेणी करायला एक मावशी येतात. कार्ल्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी आहे, सकाळी टमटम धरून यायचं आणि दुपारी परत जायचं. त्या माझ्या बायकोशी अखंड बोलत असतात. भात झोडून झालं, जावेने पुन्हा भांडण काढलं, रानडुकरांनी नाचणी तुडवली, सगळं सांगतात आणि प्रत्येक वाक्यानंतर उत्तरासाठी थांबतातही. मला त्याचा वैताग यायचा. भिंतीशी बोलायचं तर बोला बापडे, थांबता कशाला?

त्या एकदा म्हणाल्या, "भाऊ, वैनींचा जीव त्या पिशवीत हाय. द्या की काढून."

दिली काढून. डाव्या हाताने तिने एक सुई धरली, दुसरी घरंगळली. मावशींनी दुसरी सुई गच्च धरून ठेवली तरी जमेना. तिसऱ्या खेपेला तिने सगळं विणकाम जमिनीवर फेकलं आणि तोंड फिरवलं. मावशी मला म्हणाल्या, तुमीच विणा की मग. त्यांना वाटलं असेल मी हसेन. मी मात्र ते मनावर घेतलं. निदान एक तारखेला तिच्या बॅगेत पुरा झालेला स्वेटर जावा, म्हणजे मला गाडीत बसून घरी परत येता येईल, एवढाच हिशोब होता. वहीत कृती लिहिलेली आहे, आणि आयुष्यभर मी लिहिलेलं वाचून लोखंड कापलं आहे. लोकर काय चीज आहे, म्हटलं.

सुलट आणि उलट टाका मोबाईलवर बघून तीन दिवसांत शिकलो. बोटं दुखली, पण आलं. खरं दुखणं वहीने दिलं. वहीच्या पुढच्या पानावर लिंबाचं गोड लोणचं, ज्यात गूळ 'अंदाजाने' आणि मुरवायचं 'मुरेपर्यंत'. मागच्या पानावर 'तिरपी वीण'. या विणीत तीन टाक्यांचे उठावदार पट्टे कापडावर तिरके चढत जातात, दिसायला फार सुंदर. खाली सहा ओळी. पहिली, तीन सुलट तीन उलट. दुसरी, एक उलट तीन सुलट दोन उलट. अशा सहाव्यापर्यंत, की संपलं. सहावीपुढे पेन्सिलीची बरोबरची खूण, म्हणजे तिथवर पुरं झालंय, आता पुन्हा पहिलीपासून. सुई कोणत्या नंबरची, पत्ता नाही. किती इंच, पत्ता नाही. असा कागद माझ्या टूलरूममध्ये कोणी पाठवला असता तर मी तो आणणाऱ्याच्याच खिशात कोंबून परत पाठवला असता.

आणि टाके ब्याण्णव. मी विचार केला, आजाराच्या आधी तिचं डोकं थोडं फिरायला लागलं असेल, टाके चुकून जास्त घातले असतील. कागद बरोबर, वस्तू चूक. मग फिटरने काय करावं? वस्तू कागदाला बसवावी. दोन्ही टोकांना दोन-दोन टाके एकत्र विणून मी नव्वद केले आणि दोन दुपारी खपून आठ ओळी विणल्या. तिरपे पट्टे काही चढेनात. खाचखळगे झाले, डांबर उखडलेल्या रस्त्यासारखे. तरी म्हटलं, धुतल्यावर बसेल, आणि तिला दाखवायला मांडीवर ठेवलं.

तिने अंगठा फिरवला. मग डाव्या हाताने सुई ओढून काढली, लोकरीचं टोक धरलं आणि ओढायला लागली.

मी ओरडेपर्यंत तीन ओळी गेल्या होत्या. हात धरला तर तिने झिडकारला. आठच्या आठ ओळी उसवल्या आणि थांबली. उघड्या टाक्यांवर तळवा दाबून बसून राहिली. मावशी भांडी घासता घासता बघत होत्या. म्हणाल्या, "आपलं ठेवत्यात, तुमचं तेवढं काढत्यात." मी म्हटलं, योगायोग आहे, दमली म्हणून थांबली. ते ब्याण्णव उघडे टाके एकेक करून सुईवर परत घेताना माझा जो जीव मेटाकुटीला आला तो मी कुणाला सांगू? एक ओवला की दुसरा सुटायचा. सुटलेला टाका खाली धावतो, आणि माझ्या बोटांना तो धरण्याइतकी अक्कल नव्हती.

दुसऱ्या खेपेला ब्याण्णवच ठेवले, शेवटचे दोन उरले ते उरू दिले. पण माझे पट्टे तिच्या पट्ट्यांवर बसेनात, एक टाका सरकून बसले. तिने तेही उसवलं. मी कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात 'रद्द' लिहिलं, आणि शेजारी 'शिल्लक ०'. कारखान्याची सवय. काम रद्द झालं की कुठे झालं ते लिहून ठेवायचं.

त्या संध्याकाळी चिडून मी तिच्या भागाच्या कडा बघितल्या. दोन्ही कडांना साखळीसारखा एकेक टाका सरळ वर गेलेला. म्हणजे कडेचे दोन टाके विणीत धरायचेच नाहीत, ते काठाचे, आणि मधले नव्वद. हे वहीत लिहायला काय झालं होतं? दोन शब्दांची तर बाब होती! मी तिला हेच विचारलं, मोठ्याने. ती म्हणाली, "चला." मी दार आपटून बाहेर गेलो आणि कोपऱ्यावर चहा घेऊन परत आलो.

तिसऱ्या खेपेला काठ धरून पहिली ओळ विणली, उलटून दुसरी, मग तिसरी, चौथी. तिने अंगठा फिरवला आणि पुन्हा ओढलं. या खेपेला तीन ओळी उसवल्या आणि थांबली. मी लिहिलं, 'रद्द, शिल्लक १'. चौथी खेप, रद्द, शिल्लक १. पाचव्या खेपेला माझा तोल गेला. एक तारीख सहा दिवसांवर आलेली, बॅग अर्धी भरून झालेली, आणि मी दुपारचं जेवण टाकून विणलेल्या ओळी ही बाई कागद फाडावा तशी उधळून लावतेय. मी विणकाम तिच्या हातातून हिसकावलं आणि म्हणालो, "कळतंय का काही तुला? काही एक कळतंय का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. पापणी हलवली नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. मला तेव्हा तो राग दिसला नाही असं मी म्हणणार नाही. दिसला, आणि मी तो आजाराच्या नावावर लिहून मोकळा झालो.

या खेपेलाही एकच ओळ उरली होती. कॅलेंडरवर तसं लिहिलं आणि पाहिलं, तर खालोखाल तीन चौकोनांत एकच गोष्ट होती. शिल्लक १, शिल्लक १, शिल्लक १.

टूलरूममध्ये एक नियम होता. तपासनीस एखादं काम एकदा रद्द करतो तेव्हा त्याला शिव्या घालाव्यात. पण तेच काम तो तीनदा त्याच ठिकाणी रद्द करतो तेव्हा तोंड बंद ठेवून आपला कागद पुन्हा उघडावा. मी पोरांना हे ओरडून ओरडून शिकवलं होतं. आता पेन हातात धरून मी स्वतःच कॅलेंडरसमोर उभा होतो. आजारी हात कुठेही थांबला असता. कधी दोन ओळींवर, कधी अर्ध्यात. हा हात दर वेळी पहिली ओळ राखून दुसरी काढत होता. म्हणजे पहिली बरोबर होती, आणि दुसरी चूक होती, आणि ते तिला माहीत होतं.

वही उघडून मी पुन्हा बसलो. मोबाईलवरच्या बाई परतीची ओळ सगळी उलट विणतात, म्हणून दुसरी ओळ सगळी उलट विणली. तिने ती काढली. सगळी सुलट विणली. तीही काढली. पण आता मी ओरडत नव्हतो. ती काढत असताना मी तिच्या हाताकडे बघत होतो. ती घाई करत नव्हती. टोकाला आली की हळू ओढायची, पहिल्या ओळीचा एकही टाका सुटू नये म्हणून. आठवडाभर ती हे असंच करत होती, आणि मी आठवडाभर फक्त माझी लोकर जाताना बघितली होती.

मग मी तिने विणलेला भाग उलटून मागून बघितला. बराच वेळ बघितला. प्रत्येक पायरी दोन-दोन ओळींची होती. पुढच्या बाजूने विणायच्या ओळीत वीण एक टाका सरकत होती, आणि उलटून मागच्या बाजूने विणायच्या ओळीत जसं दिसतं तसंच, गाठ दिसली तर उलट, सपाट दिसलं तर सुलट. तिने वहीत फक्त पुढच्या ओळी लिहिल्या होत्या. मागची ओळ लिहायचीच नसते. तिच्या माहेरी ओसरीवर चौघीजणी एकत्र विणायला बसायच्या, त्यांच्यात मागच्या ओळीबद्दल कोण कशाला बोलेल? आणि मी, ज्याने आयुष्यभर अर्धीच बाजू काढलेले नकाशे वाचून दोन्ही बाजूंचे भाग बनवले, तो एका बाईच्या वहीत मात्र सगळं लिहिलेलं असायला हवं म्हणून बोंबलत होतो.

दुसरी ओळ दिसेल तशी विणली. पाऊण तास लागला. तिच्या मांडीवर ठेवली. तिने अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी सुईकडे बघत होतो, आता ओढेल, मग ओढेल. तिने विणकाम माझ्याकडे सरकवलं.

तिसरी ओळ, वहीतली दुसरी. ठेवली. चौथी, दिसेल तशी. ठेवली. पट्टा एक टाका चढला होता, तिच्या पट्ट्याला जोडून, मधे सांधाही दिसत नव्हता. पाचव्या ओळीत मी मुद्दाम एक टाका चुकवला. हे लिहायची मला लाज वाटते, पण मला खात्री करायची होती. ब्याण्णवांतला एक. तिने अंगठा फिरवला, त्या टाक्यावर थांबली, आणि नखाने त्यावर टकटक केलं.

स्वेटर तिथेच राहिला. मला दुसरंच आठवायला लागलं होतं. संस्थेचा अर्ज मी याच टेबलावर भरला होता, तिच्या खुर्चीपासून दोन हातांवर. डोळे अधू म्हणून प्रश्न मोठ्याने वाचून भरला होता. 'रुग्ण घरच्या माणसांना ओळखतो का?' असा एक प्रश्न होता. मी तो वाचला, 'नाही' असं म्हणालो आणि तसंच लिहिलं. मुलीला फोन याच खोलीतून केले होते. बॅग हिच्यासमोर भरली होती, आणि चांगल्या साड्या तिकडे कशाला म्हणून हिच्यासमोर बाजूला काढल्या होत्या. चार महिने ती सगळं ऐकत बसली होती, आणि तिच्याकडे सांगायला एकच शब्द होता, तोही भलताच, आणि हवी तशी न हलणारी मान. त्यापेक्षा तिने माझ्या डोक्यात तांब्या घातला असता तर बरं झालं असतं.

मी त्याच खोलीतून, तिच्यासमोर उभा राहून संस्थेला फोन केला आणि एक तारखेला आम्ही येत नाही म्हणून कळवलं. तिकडच्या बाई म्हणाल्या की हरकत नाही, कधी लागलं तर सांगा. मावशींना विचारलं की संध्याकाळपर्यंत थांबाल का. त्यांनी हात पदराला पुसले आणि थांबते म्हणाल्या. मग मी खुर्चीसमोर खाली बसलो, कंबर दुखत असताना, आणि म्हणालो, "तुला तिकडे पाठवत नाही. तू ऐकलंस ते सगळं माझं चुकलं."

मला वाटलं होतं ती रडेल. तिने डावा हात उचलला आणि माझ्या कानाखाली मारली. कमी जोर असेल असं वाटत होतं, तसं नव्हतं. चौतीस वर्षांत तिने माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. दाराशी मावशी आल्या होत्या, त्या परत स्वयंपाकघरात गेल्या. तिने हात पुन्हा उचलला. मी माझा हात आडवा घातला नाही.